साडेसात इंच

मावशीला ते गाणं आवडत नाही, असा घरात समज होता. घरात माणसं दोनच, मावशी आणि तिची भाची, त्यामुळे समज म्हणजे भाचीचाच. गाणं लागलं की मावशी उठून स्वयंपाकघरात जायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासायची. भाचीने त्याचा सरळ अर्थ लावला होता: म्हातारीला नाचगाणं सोसत नाही. चोवीस वर्षं हा अर्थ तसाच चालला, आणि मावशीनेही तो खोडला नाही. खरं कारण वेगळं होतं. ते गाणं लागलं की एका ठरावीक जागी मावशीचा डावा पाय आपोआप वर उचलला जायचा, आणि तो पाय तिला कुणाला दाखवायचा नव्हता.

गाण्याचं नाव 'उठू नकोस'. डिस्कोच्या दिवसांतलं. झाडून सगळे गायक चकचकीत कपडे घालून 'उठा, नाचा' म्हणून घसा फोडत होते, त्या काळात एक लांबोडा पुरुष आणि एक ठेंगणी बाई जेवणाच्या टेबलाच्या दोन साध्या लाकडी खुर्च्या घेऊन स्टेजवर यायची. अंगात घरचे स्वेटर, पायात सपाता. खुर्च्यांवर बसून, हात मांडीवर ठेवून, बँकेत नंबर लागायची वाट बघावी तशा चेहऱ्याने दोघं गायची: उठू नकोस, अजून दिवे चालू आहेत, उठू नकोस, चहा तसाही गार झालाय. जोडीचं नावच 'दोन खुर्च्या'. पुरुष म्हणजे डावी खुर्ची, बाई म्हणजे उजवी. खरी नावं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. आणि गंमत अशी की हे रडके शब्द कानावर पडले की लोक ताडकन उठून नाचायला लागायचे.

नाचघरांसाठी या गाण्याची सात मिनिटांची लांब आवृत्ती निघाली होती. तिच्यात चार मिनिटं अकरा सेकंदांवर एक ठोका गायब आहे. आठ ठोक्यांच्या जागी सात. नाचणाऱ्याने पाय उचललेला असतो, तेवढ्यात पुढचा ठोका येऊन आदळतो. पाय हवेतच राहतो आणि माणूस दुसऱ्या पायावर उडी मारून गाण्याला गाठतो. भरलेल्या नाचघरात त्या क्षणी शेदोनशे माणसं एकदम लंगडी घालायची, आणि मग हसायची. त्या लंगडीवरच ते गाणं चाललं, हे शेंबडं पोरही सांगेल.

आता तो ठोका गेला कुठे, यावर भाचीच्या मंडळाचा धर्म उभा होता. गाण्याच्या चाहत्यांचं मंडळ, नाव 'तिसरी खुर्ची'. सत्तरऐंशी सभासद, महिन्यातून एकदा सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जमायचे, गाणं लावायचे, लंगडी घालायचे आणि भांडायचे. उजवी खुर्ची नऊ वर्षांपूर्वी वारली. तिच्या मागे डाव्या खुर्चीने मुलाखतींतून एक गोष्ट सांगायला सुरुवात केली: तिचं काळीज अधूनमधून ठोका चुकवायचं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून मी गाण्यातला एक ठोका चुकवला. काळजाचा ठोका चुकला! झालं. मंडळ विरघळलं. लंगडीचं नाव त्यांनी 'काळीजउडी' ठेवलं. भाचीने तर त्यावर पुस्तिका लिहिली. एक कंपनी ती जुनी रेकॉर्ड नव्याने काढणार होती, तिच्यासोबत द्यायची चाळीस पानी पुस्तिका. सोमवारी सकाळी छापखान्यात जायची होती. भाचीच्या नावाने छापलं जाणारं आयुष्यातलं पहिलं पुस्तक.

आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी अकरा वाजता, खुद्द डावी खुर्ची मंडळात येणार होती.

"तू येतेयस," भाची म्हणाली.

"मला काय करायचंय तिथे? माझे गुडघे दुखतात."

"बसायचंच आहे. गाण्याचं नाव काय आहे? एक दिवस तरी माझ्यासाठी ये ना गं. सगळ्यांच्या आया येतायत."

हे शेवटचं वाक्य भाचीने मुद्दाम टाकलं होतं, आणि ते बरोबर लागलं. भाची नऊ वर्षांची असताना तिची आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, गेली. तेव्हापासून आई म्हणा, बाप म्हणा, जे काय ते मावशीच. मावशीने साडी बदलली आणि गुडघ्याचा पट्टा बांधला.

हॉल भरला होता. डावी खुर्ची म्हणजे आता पंच्याहत्तरीचा, पाठीत वाकलेला म्हातारा, पण स्वेटर तोच, सपाता त्याच. स्टेजवर दोन खुर्च्या. उजवीवर एक फूल. मावशीने ते फूल पाहिलं आणि तिथेच तिचं डोकं तापायला लागलं. उजव्या खुर्चीला फुलांनी शिंका यायच्या. तेव्हाच्या अख्ख्या रेकॉर्ड कंपनीला ते माहीत होतं, आणि या बाबाला माहीत नव्हतं.

म्हाताऱ्याने आवाज खाली आणला. "ती रात्रंदिवस हसायची," तो म्हणाला, "पण मला तिचं काळीज माहीत होतं. त्या दिवशी मी कटिंगच्या खोलीत एकटाच गेलो. टेप मशीनवर चढवली. हातात ब्लेड घेतलं. आणि या हाताने, स्वतःच्या या हाताने, तिचा एक ठोका कापून काढला."

पुढच्या रांगेत दोघीतिघी डोळे पुसत होत्या. भाचीचेही डोळे भरले होते. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलाखतींतला काळजाचा भाग तिने इतकी वर्षं गिळला होता. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण स्वतःच्या हाताने! या माणसाला चहाच्या पाकिटाचा कोपरा सरळ कापता यायचा नाही. आयत्या बिळावर नागोबा असतात, पण हा नागोबा आता बीळही मीच खणलं म्हणत होता.

ती उभी राहिली. गुडघा कडकन वाजला.

"किती इंच?"

म्हाताऱ्याने कानाला हात लावला. "काय म्हणालात बाई?"

"किती इंच कापलंत, विचारतेय."

भाचीने तिचा पदर ओढला. म्हातारा गोड हसला. "बाई, प्रेम कुठे इंचात मोजतात?"

टाळ्या. शिट्टीसुद्धा. मावशी टाळ्या संपेपर्यंत थांबली. "प्रेमाचं मला माहीत नाही. टेप इंचातच मोजतात. सेकंदाला पंधरा इंच धावते. ठोके सेकंदाला दोन. म्हणजे एक ठोका साडेसात इंच. ज्याने कापला त्याला हे झोपेतही सांगता येतं. आणि कटिंगच्या खोलीची किल्ली एकाच मुलीकडे असायची. तुम्ही त्या दिवशी गावात तरी होता का?"

मंडळात एक चष्मेवाला होता, सगळ्या तारखांची वही ठेवणारा. तो घाईघाईने पानं उलटायला लागला. म्हातारा पुढे वाकून डोळे बारीक करून बघत राहिला, आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"अगं, कात्री! कात्रीच ना तू?"

पंचेचाळीस वर्षांनी कुणी तिला त्या नावाने हाक मारली होती. क्षणभर, फक्त क्षणभर, मावशीला बरं वाटलं.

"मंडळी," म्हातारा दोन्ही हात पसरून म्हणाला, "आता लपवण्यात अर्थ नाही. ही आमची कात्री. टेप कापायची, जोडायची. हुशार पोरगी, पण वय लहान. तिच्या हातून चूक झाली, एक ठोका गळला. बिचारी किती घाबरली होती! आम्ही दोघांनी ती चूक पोटात घातली. तिचं नाव कुठे येऊ नये, म्हणून मी ती काळजाची गोष्ट रचली. इतकी वर्षं सांभाळली. आज तिनेच तोंड उघडलं, तर मी मोकळा झालो."

काय तो आवाज, काय तो मोठेपणा! चोर तो चोर वर शिरजोर, आणि त्याहून वर दयाळू. एका मिनिटात खोटं बोलणारा माणूस खरा सज्जन ठरला. हॉलमध्ये टाळ्यांचा नुसता पाऊस. लोक मावशीच्या भोवती जमले. कुणी हात हातात घेतले, कुणी पाया पडलं. "किती गोड चूक!" एक बाई म्हणाली. "अशा चुका देवानेच कराव्यात," चष्मेवाला म्हणाला आणि त्याने वहीत लिहून घेतलं. मावशीला बोलायचं होतं, पण राग इतका होता की तोंडात शब्दांची नुसती रेटारेटी झाली आणि एकही बाहेर पडेना. कुणीतरी गाणं लावलं. चार मिनिटं अकरा सेकंदांवर सगळा हॉल एका पायावर उडाला. त्या आधीच मावशी जिना उतरून रस्त्यावर आली होती.

घरी पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला. भाची धापा टाकत मागोमाग आली, आणि आली ती आनंदाने फुलून.

"मावशी! अगं, तू! माझ्या घरात! त्या गाण्याची माणसं मी जगभर शोधत होते आणि तू इथे भांडी घासत होतीस!" तिने चपलाही न काढता पुस्तिकेचे कागद टेबलावर पसरले. "काळजाचं प्रकरण आख्खं काढून टाकते. छापखान्यात द्यायला उद्या सकाळपर्यंत वेळ आहे. ऐक, वाटेत सुचलंय. शीर्षक 'गोड चूक'. 'नाचघरांचा इतिहास बदलणारा तो ठोका एका चोवीस वर्षांच्या मुलीच्या हातून चुकून गळला...'"

"बंद कर."

"काय?"

"बंद कर म्हणते ते वाचणं!" मावशीने टेबलावर हात आपटला. कागद उडाले. "गोड चूक! त्याने म्हटलं ते परवडलं, तो जन्माचा लबाड. तू म्हणायला लागलीस? चुकून! चुकून! त्या एका शब्दाने माझं वाटोळं केलंय, कळतंय का?"

भाची हबकली. मावशी चिडायची, रोज चिडायची, दूधवाल्यावर, नळावर, बातम्यांवर. पण हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. "अगं पण तूच तर सांगितलंस की तू कापलास. मी तुझंच नाव घालतेय ना? सगळं श्रेय तुला देतेय."

"तू देतेयस? तू?" मावशी खुर्चीत बसली आणि पुन्हा उठली. "चौदा वर्षांची होतीस. जुन्या बाजारातून ती रेकॉर्ड घेऊन आलीस आणि या फरशीवर नाचलीस. तेव्हापासून त्या गाण्याचं सगळं तुला माहीत. त्या लांबोड्याच्या सपातांचा नंबर तुला माहीत. ती बाई नाश्त्याला काय खायची ते माहीत. मी तीसपस्तीस वर्षं रोज सकाळी डबा घेऊन कुठे जायचे, ते विचारलंस कधी?"

"तू... जाहिरातींच्या कंपनीत होतीस."

"जाहिराती! खोकल्याचं औषध, साबण, खोकल्याचं औषध. कापा, जोडा. का होते मी तिथे? चांगली गाणी कापणारी बाई साबणावर का गेली? विचारलंस?"

भाचीने मान हलवली. तिचा आनंद आता पार उतरला होता, आणि त्याजागी जे आलं होतं ते तिला पेलत नव्हतं. "आता विचारते," ती म्हणाली. "सांग."

ज्या आवाजात एखाद्याला शिव्या द्याव्यात, त्या आवाजात मावशीने सांगायला सुरुवात केली.

"तीन मिनिटांचं गाणं सातचं करायचं होतं. म्हणजे तुकडे काढायचे आणि पुन्हा पुन्हा जोडायचे. जिथे कापायचं तिथे पिवळ्या मेणपेन्सिलीने खूण करायची, टेप खाचेत बसवायची, ब्लेड तिरकं चालवायचं. सरळ कापलं तर जोडावर टक्क आवाज येतो. तुकडे कपाटाच्या कडेला टांगून ठेवायचे, प्रत्येकाला नंबर. सहा वाजता माणूस यायचा होता, रीळ कारखान्यात न्यायला. कंपनीचे साहेब जेवायला गेले ते आलेच नाहीत. आणि एका पट्टीवर आदल्या दिवशीची खूण पुसायची राहिली होती. दोन खुणा, एकमेकींपासून साडेसात इंचांवर. मी जुन्या खुणेवर कापलं. चार वाजता."

"म्हणजे चूकच..."

"मध्ये बोलू नकोस. पाच वाजता सगळं जोडून झालं. ऐकायला बसले. बसलेही नव्हते, उभीच होते, पाय ताल धरत होता. आणि त्या जागी पाय वरच राहिला. मी पडलेच असते, मशीनला धरलं. घाम फुटला. लगेच कळलं काय झालंय ते. केराच्या टोपलीत हात घातला, तुकडा सापडला. हातात होता तुकडा! जोडायला किती वेळ? दोन मिनिटं. डोळे मिटून जोडला असता."

"मग?"

"मग मी रीळ मागे घेतलं आणि पुन्हा लावलं. म्हटलं एकदा नीट बघू. पुन्हा पाय वर. पुन्हा लावलं. दाराला कडी घातली. अकरा वेळा लावलं. तुकडा हातात, आणि मी त्या एवढ्याशा खोलीत एका पायावर उड्या मारतेय, आणि हसतेय. एकटी. आख्ख्या गाण्यात तेवढीच जागा जिवंत होती. ते दोघं खुर्च्यांवर बसून उठू नकोस म्हणतायत, आणि तिथे गाणंच तुम्हाला धक्का मारून उठवतंय. त्या लांबोड्याला ते सुचलं नव्हतं, साहेबांना सुचलं नव्हतं. मला समजलं. मलाच." तिचा आवाज चिरकला, आणि ते तिला आवडलं नाही, म्हणून ती आणखी ओरडली. "सहा वाजता माणूस आला. तुकडा मी टोपलीत टाकला आणि रीळ त्याच्या हातात दिलं!"

रस्त्यावरून कुणीतरी भंगार मागत गेलं. भाची खाली पडलेले कागदही उचलत नव्हती.

"तीन महिन्यांनी गाणं गाजलं, तेव्हा साहेबांनी बोटांवर ठोके मोजले आणि मला बोलावलं. तो डावा तिथेच बसला होता. मुद्दाम केलं असं मी म्हटलं असतं तर त्याच दिवशी मला घरी पाठवलं असतं. टेप कापणाऱ्या पोरीने गाणं ठरवायचं म्हणजे काय! घरात तुझी आई शाळेत जाणारी, कमावणारी मी एकटी. म्हणून मी म्हटलं, चुकून झालं साहेब. आणि हा पोटात घालणारा काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, हिला पुन्हा आमच्या गाण्याला हात लावू देऊ नका. चूक पोटात घातली म्हणे! मला साबणावर घातलं. चुकून हा शब्द माझाच, मीच दिला त्यांना. इतक्यांदा म्हटला की स्वतःलाही खरा वाटायला लागला. पण पाय ऐकत नाही ना. म्हणून भांडी घासते."

भाची आता रडत होती. तिने खाली बसून कागद गोळा केले, एक कोरा शोधला, पेन घेतलं. अक्षर नेहमीसारखं नीट होतं. बराच वेळ लिहून तिने वाचून दाखवलं. मेणपेन्सिल होती, तिरकं ब्लेड होतं, दाराची कडी होती, डाव्या खुर्चीचं ते वाक्यही जसंच्या तसं होतं. मावशी उभी राहून, हाताची घडी घालून ऐकत होती.

"'...आणि अशा रीतीने,'" भाचीने वाचलं, "'एका चुकीतून...'"

मावशीने तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि त्या शब्दावर काट मारली. इतक्या जोरात, की कागद फाटला.

"अगं पण मावशी," भाची रडवेल्या आवाजात म्हणाली, "चार वाजता चूक झालीच होती ना? तूच सांगितलंस. मला खोटं नाही लिहायचं. त्यालाच तर आपण खोटारडा म्हणतोय."

"मग दोन्ही वेळा लिही," मावशी म्हणाली. "चार वाजता ती चूक होती. सहा वाजता नव्हती."